लसूण ठेचली की काय होतं, तेच समुद्रात

"शेवाळाला काय, ऊन आणि क्षार मिळाले की वाढतं!" वडोदऱ्यात रावपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या भाच्यानं विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर हेच लिहिलं होतं. समुद्रातल्या सूक्ष्मशैवालांची वाढ प्रकाश, नायट्रेट, फॉस्फेट, लोह यांवर अवलंबून असते हे खरं. पण शेजारची जात कोणती रसायनं सोडते, यावरही ती ठरते. वनस्पतींमधल्या अशा प्रभावाला हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये 'अ‍ॅलेलोपॅथी' हे नाव दिलं.

मी भाच्याला स्वयंपाकघरात नेलं. ताई सेवउसळीसाठी लसूण ठेचत होती. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचल्यावर पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांतलं अलिन हे रसायन आणि अलिनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात, आणि झणझणीत अलिसिन तयार होतं.

डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्मशैवालं. त्यांतल्या काहींतही असंच घडतं. इवल्याशा झिंग्यासारखा दिसणारा कोपेपॉड त्यांना चावतो, पेशी फुटते, आणि विकरं पेशीतल्या मेदापासून वीस कार्बनांची मेदाम्लं सुटी करतात. मग लायपॉक्सिजनेज हे विकर त्यांना ऑक्सिजन जोडतं, साखळी तुटते आणि दहा कार्बनांचे डेकाडायनॅल, डेकाट्रायनॅल हे अल्डिहाइड बनतात. सगळं काही मिनिटांत! कोपेपॉड त्यानं मरत नाही, पण त्याची अंडी नीट उबत नाहीत, असं १९९९ मध्ये दिसून आलं.

मला याहून विलक्षण वाटतं ते शेजारच्या डायटमांचं वागणं. डेकाडायनॅल पोचलं की त्यांच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. मात्रा जास्त असेल तर पेशी मरते. कमी असेल तर ती सावध होते आणि पुढची मोठी मात्रा सोसते. २००६ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं गेलं. अर्थात खुल्या समुद्रात रसायन लगेच विरळ होतं, म्हणून याचा परिणाम दाट फुलोऱ्यात, म्हणजे शैवाल एकदम फोफावतं तिथे, किंवा अगदी जवळच्या पेशींवर जास्त.

मेक्सिकोच्या आखातात करेनिया ब्रेव्हिस या शैवालामुळे पाणी लालसर होतं. असं पाणी पाहून दैवी कोप म्हणणारे आजही भेटतात. तो शैवालाचा फुलोरा असतो, त्यात कोप कुठलाच नाही. करेनियाची रसायनं इतर शैवालांची वाढ रोखतात. पण स्केलेटोनेमा ही डायटम तिच्याजवळ वाढवली, तर त्याच रसायनांचा जोर कमी होतो, हे २००८ मध्ये आढळलं. भाच्यानं तक्त्यावर या दोघींमध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण काढला.