चेहऱ्याची नित्य निगा : त्वचेचा प्रकार, वय आणि नागपूरची हवा

चेहऱ्याची नित्य निगा : त्वचेचा प्रकार, वय आणि राहत्या गावाची हवा पाहून चेहरा धुणे, त्यातला ओलावा राखणे, त्याला उन्हापासून जपणे आणि गरज असेल तेवढेच औषधी घटक लावणे, असा रोजचा क्रम. बोलण्यात यालाच ‘स्किनकेअर रुटीन’ म्हणतात. कोरडी, तेलकट, मिश्र, सामान्य आणि संवेदनशील हे त्वचेचे प्रकार सर्वांना ठाऊक असतात. पण नागपुरात एकाच माणसाच्या चेहऱ्यावर यांतले दोन-तीन प्रकार वर्षभरात येऊन जातात. डिसेंबरात ज्याचे गाल फुटतात, त्याचेच नाक जुलैत तेलाने चमकते. म्हणून येथे निगेचा क्रम एकदा ठरवून वर्षभर चालवता येत नाही. तो ऋतूबरोबर बदलावा लागतो.

हवा आणि ऊन : नागपूर समुद्रापासून दूर आहे, त्यामुळे हवा दोन्ही टोकांना जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तर डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांपेक्षा कमी असते; जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर जाते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. शहर २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने याच आठवड्यात शून्य सावलीचा दिवसही येतो. भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि अतिनील किरणांना वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापावे लागते.

उष्णता आणि अतिनील किरण या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ऊन सुखाचे वाटते, तरी त्यातले अतिनील किरण तीव्र असतात. ढगाळ दिवशीही त्यांचा मोठा भाग खाली पोहोचतो. खिडकीची काच भाजणारे ‘बी’ किरण बरेचसे अडवते, पण त्वचा काळवंडवणारे आणि सुरकुत्या आणणारे ‘ए’ किरण तिच्यातून आत येतात.

दुचाकीवर तोंडाला दुपट्टा बांधणे ही नागपूरच्या उन्हाळ्यातली नेहमीची आणि उपयोगाची सवय आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड चांगले संरक्षण देते. पातळ पांढरे सुती कापड ताणून बांधले तर त्यातून किरण आत येतात, आणि ते ओले केले तर आणखी जास्त येतात. ओला दुपट्टा उन्हाच्या झळांपासून वाचवतो, तो सोडू नये. फक्त त्याच्या आत सनस्क्रीन हवेच. घामाने भिजलेला दुपट्टा न धुता दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला की गालांवर आणि हनुवटीवर पुटकुळ्या येतात. हेल्मेटच्या पट्ट्याखालीही हेच होते.

त्वचेचा प्रकार ओळखणे : साध्या फेसवॉशने चेहरा धुऊन, काहीही न लावता तासभर पंख्याखाली बसावे. गाल ओढल्यासारखे वाटले तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक आणि हनुवटी चमकू लागली आणि गाल तसेच राहिले तर मिश्र. सगळा चेहरा चमकला तर तेलकट. नवे काही लावले की चुरचुरणारी, लाल होणारी त्वचा संवेदनशील. ही तपासणी वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा लागताना करावी.

कोरडेपणा आणि पाण्याची कमतरता यांत मात्र गल्लत होते. कोरड्या त्वचेत तेल कमी असते. पाणी कमी पडणे तेलकट त्वचेतही घडते, आणि एप्रिल-मेमध्ये नागपुरात ते फार दिसते : चेहरा चमकतोही आणि आतून ताणल्यासारखाही वाटतो. अशा वेळी लोक साबणाने दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुतात आणि त्रास वाढवून घेतात. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ असतो, अंगाच्या साबणाचा ९ ते १०. वरच्या थरातली स्निग्धता अशा धुण्याने निघून जाते आणि पाणी आणखी उडते. कुलरची हवा दमट असते, त्यामुळे ती त्वचेला एसीइतकी कोरडी करत नाही. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी भर उन्हाळ्यातही मॉइश्चरायझर लावावे.

अमेरिकी त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेची आणखी एक वर्गवारी मांडली. उन्हात त्वचा भाजते किती आणि रापते किती, हा तिचा आधार. पुढे तिचे सहा वर्ग झाले. भारतीय लोक मुख्यतः तिसऱ्या ते पाचव्या वर्गात येतात. अशी त्वचा उन्हात सहज भाजत नाही, पण तिच्यावर डाग लवकर पडतो. मुरूम फोडला, चेहरा खरखरीत स्क्रबने घासला, तीव्र आम्ल लावले, ब्लीचने जळजळ झाली, तर त्या जागी काळसर डाग पडतो आणि तो कित्येक महिने टिकतो. आपल्याकडच्या निगेचा खरा नियम यातूनच निघतो : दाह होऊ द्यायचा नाही. जळजळ झाली म्हणजे औषध ‘लागू पडतेय’, ही समजूत फार घरांत आहे आणि तिने फार चेहरे खराब केले आहेत.

पायाचे तीन घटक : सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ज्याला एवढेच परवडते किंवा एवढ्यालाच वेळ आहे, त्याचे काहीही अडत नाही. चेहरा सकाळी आणि रात्री धुवावा. कोरड्या त्वचेला सकाळी नुसते पाणी पुरते. चेहरा टिपून घ्यावा आणि थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन आणि हायलुरोनिक आम्ल पाणी धरून ठेवतात. सेरामाइड वरच्या थराची डागडुजी करतात. पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाही. कोरड्या हवेत नुसते ग्लिसरीन पुरत नाही, त्यावर स्निग्ध थर लागतो. म्हणून हिवाळ्यात घट्ट क्रीम आणि पावसाळ्यात पातळ जेल.

सनस्क्रीनचा एसपीएफ (भाजण्यापासून संरक्षणाचा आकडा) जितका पाहिला जातो, तितके ते लावण्याचे प्रमाण पाहिले जात नाही. एसपीएफ ३० भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवते, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. फरक लहान आहे. पण हे आकडे एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेले असतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन लागते. वाटाण्याएवढे लावून एसपीएफ ५० चे संरक्षण मिळत नाही. बाहेर असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे. ‘ए’ किरणांसाठी बाटलीवर ‘पीए’पुढे तीन किंवा चार अधिक चिन्हे असावीत. वांग असलेल्यांनी रंगछटा असलेले, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन घ्यावे. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि साधे सनस्क्रीन तो अडवत नाही.

प्रकारानुसार भर : तेलकट आणि मुरमांच्या त्वचेला सॅलिसिलिक आम्ल (२ टक्क्यांपर्यंत) किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड (२.५ टक्क्यांपासून) उपयोगी पडते, दुसऱ्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे आधीच माहीत असावे. डागांसाठी नायसिनामाइड आणि अझेलाइक आम्ल सौम्य आहेत. संवेदनशील त्वचेला सुगंध नसलेल्या वस्तू घ्याव्यात आणि नवी वस्तू आधी कानामागे चार-पाच दिवस लावून पाहावी. एका वेळी एकच नवी वस्तू, म्हणजे बिघडले तर कशाने ते कळते.

केसांना चपचपीत तेल लावून झोपल्यास कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात. फेसवॉश बदलण्याआधी तेल कमी करून पाहावे. टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग दिसू लागला तर दोष बहुधा तिच्या गोंदातल्या रसायनाचा असतो. टिकली लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावे. मान, कपाळाच्या कडा आणि कानशिले मखमलीसारखी जाड व काळी होत असतील, तर तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. कितीही घासून ती जात नाही. रक्तातली साखर तपासावी आणि वजनाकडे पाहावे. हे चिन्ह किशोरवयीन मुलांतही दिसते आणि घरचे मात्र त्यांना ‘नीट आंघोळ कर’ म्हणून रागावत राहतात, याचे वाईट वाटते.

वयानुसार बदल : लहान मुलांना सौम्य साबण, हिवाळ्यात तेल किंवा क्रीम आणि उन्हात टोपी एवढे पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलींनी रेटिनॉल आणि आम्लांची सीरम लावण्याचे काहीच कारण नाही. वयात येताना संप्रेरकांमुळे तेल वाढते आणि मुरूम येतात. गाठीचे, दुखरे मुरूम असतील तर ‘वयाने येतात, वयाने जातील’ म्हणून थांबू नये. खड्डे पडल्यावर ते भरून काढणे फार कठीण असते.

विशी-पंचविशीत त्वचेचा वरचा थर साधारण २८ दिवसांत नवा होतो. पुढे हा वेग मंदावतो आणि चेहरा निस्तेज वाटू लागतो. तिशीपासून, विशेषतः गरोदरपणात किंवा त्यानंतर, गालांवर वांग येतो. त्यामागे संप्रेरके, घराण्याचा कल आणि ऊन असे तिन्ही असतात, म्हणून तो कमी होतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उमटतो. याच वयात अ जीवनसत्त्वाचे रेटिनॉल किंवा डॉक्टरांनी दिलेले ट्रेटिनॉइन सुरू करता येते : रात्री, वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोनदा. नागपुरात याची सुरुवात पावसाळ्याच्या अखेरीस करणे बरे. मेच्या उन्हात किंवा जानेवारीच्या कोरड्या थंडीत सुरू केले की सोलपटे निघतात आणि लोक कंटाळून सोडून देतात. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेची तयारी करणाऱ्यांनी ते वापरू नये.

रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन (तिला घट्ट ठेवणारे प्रथिन) सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटते. कालपर्यंत तेलकट असलेली त्वचा अचानक कोरडी, पातळ होते आणि जुनी जेल पुरेनाशी होते. साठीनंतर साबण कमी, क्रीम जास्त. शेतात किंवा रस्त्यावर आयुष्य काढलेल्या पुरुषांना सनस्क्रीन कुणी सांगितलेलेच नसते. त्यांच्या चेहऱ्यावरची बरी न होणारी जखम किंवा वाढणारा काळा डाग दाखवून घ्यावा.

घरगुती उपाय : थंडीत आंबिया बहराची संत्री आली की घरोघरी गच्चीवर साली वाळत पडतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच्या सालीची भुकटी बेसन, आंबेहळद, नागरमोथा, वाळा यांच्यासोबत उटण्यात जाते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला अंगाला लावण्यासाठी ती सुरेखच आहे. पण तिच्यातून चेहऱ्याला क जीवनसत्त्व मिळते, हे खरे नाही. त्वचेत शिरण्यासाठी ते शुद्ध स्वरूपात आणि ३.५ पेक्षा कमी सामूच्या द्रावणात असावे लागते. वाळवलेल्या सालीत ते त्या रूपात नसते. भुकटीचे कण खरखरीत असतात, मुरमांवर ती चोळू नये. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे चट्टे उठतात. दुधाची साय कोरड्या त्वचेला चालते. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून ती पावसाळ्यात, तीही आठवड्यातून एकदाच.

स्टेरॉइडची क्रीम : औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ‘गोरे करणारी ट्यूब’ हा या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये डागांवरील औषध म्हणून मांडले. अशी मिश्रणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडेच वापरायची असतात. आपल्याकडे ती वर्षानुवर्षे लावली जातात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुरळ येते; बंद केले की आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारच्या स्टेरॉइडची क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. ज्यांना सवय लागली आहे त्यांनी ती एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवावी. लोक ज्यांना ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात त्या दोन्ही शासकीय रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. नाव-पत्ता नसलेल्या डबीतली क्रीमही टाळावी. अशांत पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो.

साठवण : उन्हात उभ्या दुचाकीच्या डिक्कीत सनस्क्रीनची बाटली ठेवू नये, आतली उष्णता बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि द्रव फुटून पाणी वेगळे होते. ती पर्समध्ये, कापडात गुंडाळून न्यावी. क जीवनसत्त्वाचे सीरम एप्रिल ते जून फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्याचा रंग गडद नारिंगी किंवा तपकिरी झाला की फेकून द्यावे.