पबमधला टीव्ही महिलांच्या सामन्याकडे वळेपर्यंत

16 ऑगस्ट 2023, बुधवार. सिडनीत इंग्लंडच्या महिला संघाने ऑस्ट्रेलियाला 3-1 असं हरवलं आणि पहिल्यांदाच फुटबॉल विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. अंतिम सामना लगेच येणाऱ्या रविवारी, ब्रिटनच्या घड्याळात सकाळी 11 वाजता. आनंद ओसरायच्या आत पबमालकांपुढे पेच उभा राहिला. रविवारी सकाळी लवकर दारू विकायची मुभा अनेक पबच्या परवान्यात नव्हती. तात्पुरती सवलत हवी तर किमान 5 कामाचे दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि मधे उरले होते गुरुवार-शुक्रवार. सगळ्या देशासाठी एकदम वेळ वाढवायला संसदेची मंजुरी लागते, तर संसद उन्हाळी सुट्टीवर. शेवटी मंत्री मायकल गोव्ह यांनी स्थानिक परिषदांना पत्र पाठवून पबना शक्य ती मदत करायला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी, जुलै 2021 मध्ये, पुरुषांच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी पब रात्री सव्वाअकरापर्यंत उघडे ठेवायची सोय वेळेत झाली होती. 2023 मध्ये कुणी मुद्दाम आडकाठी केली असं मी म्हणणार नाही. पण देशाच्या मुली अंतिम फेरीत जातील आणि लोक तो सामना पबमध्ये बसून बघतील, हा विचार संसद सुट्टीवर जाण्याआधी कुणी केला नव्हता, हे खरंच आहे. आणि त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

‘महिलांचा फुटबॉल बघायला माणसं येत नाहीत’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ आणि सेंट हेलन्सच्या महिलांचा सामना झाला तेव्हा मैदानात 53,000 प्रेक्षक होते. डिक, कर हा प्रेस्टनमधला कारखाना. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा तयार होत होता. कामावरच्या मुलींनी 1917 मध्ये संघ काढला आणि सामन्यांच्या तिकिटांतून धर्मादाय कामांना पैसा मिळवून दिला. संघातली लिली पार पुढे इंग्लंडच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेली, पण त्यासाठी 2002 साल उजाडावं लागलं.

गर्दी इतकी होती आणि तरीही 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. बंदी उठायला जवळपास 50 वर्षं लागली.

ही 50 वर्षं कोणती होती, ते पाहिलं पाहिजे. याच काळात टीव्ही घरोघरी पोहोचला. बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम ऑगस्ट 1964 मध्ये सुरू झाला. शनिवारी काय बघायचं, कोणत्या खेळाडूंची नावं तोंडपाठ असायची, हे या काळात ठरत गेलं आणि तेव्हा महिलांचे संघ सार्वजनिक बागांच्या मैदानांवर, मोजक्या लोकांसमोर खेळत होते. खेळ थांबला नव्हता, पण कॅमेरा जिथे होता तिथे त्याला प्रवेश नव्हता. नंतर ‘मागणीच नाही’ म्हणणाऱ्यांनी मागणी कशी मोडून टाकली गेली, ते सांगितलं नाही.

पबचं दारही बायकांना सरळ उघडं नव्हतं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर पत्रकार-वकिलांचा आवडता ‘एल व्हिनो’ नावाचा वाइन बार होता. तिथे बाईने काउंटरवर उभं राहून पेय मागितलं तर मिळत नसे; मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिथे आणून देतील. 1975 मध्ये लिंगभेदविरोधी कायदा आल्यावरही हा नियम चालूच राहिला. वकील टेस गिल आणि पत्रकार अ‍ॅना कूट कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर 1982 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेही थेट 1982 मध्ये!

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कायद्यानेच पब्लिक बारमध्ये बायकांना दारू द्यायला मनाई होती. मार्च 1965 मध्ये मर्ल थॉर्नटन आणि रोझाली बॉगनर या दोघींनी निषेध म्हणून ब्रिस्बेनच्या रिगाटा हॉटेलात जाऊन स्वतःला बारच्या दांडीला साखळीने बांधून घेतलं. त्याच ब्रिस्बेनमध्ये 12 ऑगस्ट 2023 रोजी महिला विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये 7-6 असं हरवलं. दोन्ही मिळून 20 पेनल्टी मारल्या गेल्या आणि देशभरचे पब त्या एकेका फटक्यावर श्वास रोखून होते. हे दोन प्रसंग मला एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

पबच्या टीव्हीचं अर्थकारणही समजून घ्यायला हवं. 1992 मध्ये प्रीमियर लीग ही इंग्लंडमधली पुरुषांची अव्वल लीग सुरू झाली आणि थेट प्रक्षेपण स्काय या वर्गणी भरून बघायच्या वाहिनीकडे गेलं. घरच्या वर्गणीवर पबमध्ये सामना दाखवता येत नाही; पबसाठी वेगळा करार लागतो आणि त्याची रक्कम जागेच्या करपात्र मूल्याशी बांधलेली असते. पोर्ट्समथच्या साउथसी भागात पब चालवणाऱ्या कॅरन मर्फी यांनी हा खर्च टाळायला ग्रीक वाहिनीचं डीकोडर कार्ड वापरलं. त्यांना दंड आणि खर्च मिळून सुमारे 8,000 पौंडांचा भुर्दंड बसला. त्या युरोपीय न्यायालयापर्यंत लढल्या, ऑक्टोबर 2011 मध्ये निकाल बराचसा त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी त्यांची शिक्षा रद्द झाली. एवढा पैसा ओतून घेतलेल्या वाहिनीवर पुरुषांचा सामना असेल, तर मालक रिमोट दुसरीकडे वळवायला नाखूश असणार. महिलांचा सामना मग कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर, आवाज बंद करून.

अमेरिकेतली गोष्ट नेमकी या आवाजापासून सुरू होते. 1 एप्रिल 2018 रोजी कॉलेज बास्केटबॉलच्या महिला अंतिम सामन्यात नोत्र दामच्या अरिके ओगुनबोवालेने घड्याळात सेकंदाचा दहावा भाग उरला असताना निर्णायक बास्केट केली. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या शेफ जेनी न्गुयेन, स्वतः एके काळच्या बास्केटबॉल खेळाडू, मैत्रिणींसोबत तो सामना एका बारमध्ये मुक्या टीव्हीवर बघत होत्या. तोही विनंती केल्यावर लावलेला. बरोबर चार वर्षांनी, 1 एप्रिल 2022 रोजी, त्यांनी ‘द स्पोर्ट्स ब्रा’ हा बार उघडला. तिथे फक्त महिलांचे सामने लागतात. त्याच वर्षाअखेर सिअ‍ॅटलला ‘रफ अँड टंबल’, 2024 मध्ये मिनिआपोलिसला ‘अ बार ऑफ देअर ओन’ सुरू झाले. सुरुवातीची मोठी अडचण गिऱ्हाइकांची नव्हती, दिवसभर पडदे भरतील इतके महिलांचे सामने प्रक्षेपणात सापडण्याची होती. पर्ड्यू आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या संशोधकांना त्यांनी तपासलेल्या 2019 च्या टीव्ही बातम्या आणि हायलाइट्समध्ये सुमारे 95 टक्के वेळ पुरुषांच्या खेळाला दिलेला आढळला होता.

इंग्लंडमध्ये पारडं फिरलं ते 31 जुलै 2022 ला. महिलांच्या युरोच्या अंतिम सामन्याला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर 87,192 प्रेक्षक होते आणि बीबीसीवर एका क्षणी 1 कोटी 74 लाख लोक सामना बघत होते. सामना मोफत वाहिनीवर होता, म्हणून तो लावायला कोणत्याही पबला महागडा क्रीडा करार लागला नाही.

आता प्रश्न वेळेचा आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत; मैदानावर जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी हा जुना नियम. बाकीच्या चांगल्या वेळा पुरुषांच्या लीगने घेतलेल्या. त्यामुळे 2025-26 च्या हंगामापासून विमेन्स सुपर लीग या महिलांच्या अव्वल लीगचे बरेचसे सामने रविवारी दुपारी 12 वाजता स्कायवर दाखवायचं ठरलं. पबच्या दृष्टीने ही वेळ बरी आहे: दार नुकतं उघडलेलं, रविवारच्या रोस्टच्या (भाजलेल्या मांसाच्या) जेवणाला मुलाबाळांसह आलेली कुटुंबं, आणि पडदा अजून पुरुषांच्या सामन्यात अडकलेला नसतो. पण दुसऱ्या शहरातल्या सामन्याला गाडीने जाणाऱ्या चाहत्यांना त्यासाठी रविवारी पहाटे घर सोडावं लागतं, आणि ही तक्रार रास्त आहे.