फोम किती कलतो? सँडरचा पॉलिशर करताना

गाडीच्या रंगावरचे चरे घालवायला पहिल्यांदा सँडरला, म्हणजे सँडपेपर लावून लाकूड घासायच्या मशीनला, फोमचं जाड पॅड लावून बॉनेट घासलं, तेव्हा दहा मिनिटांत हाताला मुंग्या आल्या आणि चरे होते तिथेच राहिले. मशीन बंद करून पॅड ओढून काढलं, तर पाठीमागचा वेल्क्रो चटका बसेल इतका तापलेला. मधले हूक वितळून आडवे पडलेले. बॉनेटचा पत्रा मात्र जेमतेम कोमट. मशीन राबत होतं, पण ते काम रंगापर्यंत पोचतच नव्हतं. मधल्यामध्ये फोमच ते गिळत होता.

खरं तर रँडम ऑर्बिटल सँडर आणि गाडीसाठी मिळणारा ड्युअल ॲक्शन पॉलिशर ही सख्खी भावंडं. पोर्टर-केबल कंपनीचा ७३३६ हा सँडर आणि ७४२४ हा पॉलिशर तर जवळपास एकच मशीन होतं. दोन्ही प्रकारांत पॅड मोटरच्या शाफ्टवर थेट बसवलेलं नसतं, थोड्या बाजूला सरकवलेल्या बेअरिंगवर असतं. शाफ्ट फिरला की अख्खं पॅड छोट्या वर्तुळात फिरतं, पीठ चाळताना चाळणी फिरते तसं. शिवाय बेअरिंगच्या घर्षणामुळे ते स्वतःभोवतीही फिरू लागतं. ही दुसरी गती गिअरने बांधलेली नसते, दाब वाढला की मंदावते आणि जास्तच दाबलं तर थांबते. त्यामुळे घासणारा कण त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जात नाही आणि रंगावर नक्षी उमटत नाही. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनमध्ये पॅडची कड सर्वांत वेगाने धावते आणि एकाच जागी उष्णता साठून रंग जळू शकतो. तो धोका इथे बराच कमी.

मग अडतं कुठे? फेऱ्याच्या व्यासावर. हातात मावणाऱ्या साध्या सँडरमध्ये तो साधारण २.५ मिलिमीटर असतो, तर पॉलिशरमध्ये ८, १५ किंवा २१ मिलिमीटर. सँडर मिनिटाला १२,००० फेरे मारतो, म्हणून आकडा मोठा वाटतो. पण हिशेब केला तर पॅडचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर भरतो. १५ मिलिमीटरचा पॉलिशर ५,००० फेऱ्यांतच ३.९ मीटरवर जातो.

आणि हा १.६ मीटरचा वेगसुद्धा पॅडच्या पाठीचा आहे, रंगाला टेकलेल्या तोंडाचा नव्हे. सँडपेपर पातळ आणि ताठ असतो, त्यामुळे पाठ हलली की तोंडही हलतं. फोम तसा नाही. पॅड २५ मिलिमीटर जाड असेल, तर सँडरची पाठ मधल्या जागेपासून इकडे-तिकडे सव्वा मिलिमीटर सरकते. तेवढ्यासाठी फोमला उभ्या रेषेपासून जेमतेम ३ अंश कलावं लागतं. एवढं तो सहज कलतो, आणि तोंड रंगाला चिकटून जागच्या जागी राहतं. १५ मिलिमीटरच्या पॉलिशरवर हाच फोम १७ अंश कलावा लागेल. तेवढा कलण्याआधीच त्याचा ताण घर्षणावर मात करतो, तोंड घसरतं आणि घासण्याचं काम सुरू होतं. सँडरवर मात्र फोम सेकंदाला २०० वेळा नुसता डुलत राहतो आणि प्रत्येक डुलण्यात थोडी उष्णता सोडतो. माझा वेल्क्रो वितळला तो त्याच उष्णतेने.

म्हणून पहिला बदल मशीनमध्ये करू नये, पॅडमध्ये करावा. १० मिलिमीटरच्या आसपासचं पातळ, जरा घट्ट फोमचं पॅड घ्यावं. त्याला त्याच सव्वा मिलिमीटरसाठी ७ अंश कलावं लागतं. मायक्रोफायबरचं पातळ पॅड आणखी बरं. सँडरची प्लेट, म्हणजे पॅड जिला चिकटतं ती कडक चकती, १२५ मिलिमीटरची असेल तर पॅड तिच्यापेक्षा थोडं मोठं हवं, नाहीतर प्लेटची कडक कड एखाद्या वळणावर रंगात घुसते. मऊपणा यावा म्हणून मध्ये आणखी एक फोमची चकती घालायचा मोह होतो. तो टाळावा, कारण तीही डुलायलाच मदत करते.

पातळ पॅडचा दुसरा फायदा वजनाचा. बाजूला सरकवलेल्या पॅडमुळे मशीन थरथरू नये म्हणून आत एक प्रतिभार असतो, आणि सँडरमधला प्रतिभार प्लेट आणि कागदाच्या हलक्या चकतीपुरता मोजलेला असतो. त्यावर ५० ग्रॅमचं ओलं पॅड चढवलं आणि ते पूर्ण फेऱ्यात फिरू लागलं, तर १२,००० फेऱ्यांना सुमारे १० किलो वजनाएवढा जोर सतत दिशा बदलत मुठीला हिसके देतो. वेग निम्मा केला की हा जोर एक चतुर्थांश होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. प्रतिभाराला वजन चिकटवण्याचे किंवा तो कापण्याचे प्रयोग मी करणार नाही आणि कुणी करू नयेत. इतक्या वेगात सुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो.

बऱ्याच सँडरना पॅडच्या वर रबराचं एक कडं असतं. ते ब्रेकचं काम करतं. त्याच्यामुळे पॅड कमी फिरतं, म्हणून काही जण ते काढून टाकतात. पण कडं काढलं आणि चालू मशीन रंगावरून उचललं, तर पॅड थेट मोटरच्या वेगाकडे धावतं. फोमची पॅडं त्या वेगासाठी बनवलेली नसतात. कडं राहू द्यावं, आणि मशीन रंगावर टेकवूनच चालू-बंद करावं. पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय हे कळायला प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढावी. रेघ सावकाश फिरताना दिसली तर दाब बरोबर, एकाच जागी थांबली तर हात हलका करावा.

धुळीची पिशवी काढून ठेवावी. प्लेटच्या भोकांतून पंखा पॉलिशची ओली भुकटी आत ओढतो. पॅड अखंड असेल तर भोकं आपोआप झाकली जातात. मोटर थंड ठेवणाऱ्या जाळ्या मात्र झाकायच्या नाहीत. पॉलिशचे हरभऱ्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. वेगाचं बटण नसलेला सँडर या कामाला न वापरलेलाच बरा.

एवढी काळजी कशासाठी, तर गाडीच्या रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, केसाहूनही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारी द्रव्यं त्यातच असतात, आणि पॉलिश करणं म्हणजे त्याचाच काही मायक्रॉनचा पापुद्रा काढणं. पत्र्याच्या धारांवर हा थर आणखी पातळ, म्हणून तिथे मास्किंग टेप लावावी. खोल चरे सँडरच्या आवाक्यातले नाहीत. नखाला अडकणारा चरा सोडून द्यावा. मंद पडलेली चमक, बारीक चऱ्यांचं जाळं आणि वॅक्स पसरवणं ही त्याची खरी कामं.

आधी हात-दीड हात जागेवर करून बघावं. पुसून टॉर्च धरला की दिव्याभोवती चऱ्यांची वर्तुळं दिसतात. ते चरे मुळात गोल नसतात. सगळ्या दिशांना पसरलेल्या चऱ्यांपैकी दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येणारे तेवढेच प्रकाश डोळ्याकडे पाठवतात. म्हणून टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. त्या उजेडात जाळं विरळ झालेलं दिसलं आणि पॅडच्या पाठीला हात लावल्यावर ती नुसती कोमट लागली, तर फोम कमी डुलतोय आणि काम रंगावर होतंय.