डर्ट बाईकचे मशीनिंग केलेले कस्टम पार्ट

मोटोक्रॉस, एंड्युरो, ट्रायल अशा कच्च्या वाटेवरच्या मोटरसायकलवर कंपनीनं दिलेल्या भागाच्या जागी, किंवा कंपनीनं काहीच दिलेलं नाही अशा जागी, धातूच्या भरीव तुकड्यातून लेथ-मिलिंगवर (धातू कापून आकार देणाऱ्या यंत्रांवर) काढून बसवलेला भाग म्हणजे कस्टम मशीनिंग पार्ट. ट्रिपल क्लॅम्प (पुढच्या फोर्कच्या नळ्या धरणारा भाग), हब (चाकाचा मधला भाग), स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), फुटपेग (पाय ठेवायचा दांडा), क्लच बास्केट (क्लचच्या प्लेटा बसतात ती वाटी), क्लच कव्हर, हँडलबार माउंट, अ‍ॅक्सल ब्लॉक, चाकाचे स्पेसर, चेन गाइड, टू-स्ट्रोक इंजिनचं हेड (सिलिंडरचं झाकण) हे त्यातले नेहमीचे. प्लास्टिक किंवा ग्राफिक्स बदलणं यात धरत नाहीत. एक्झॉस्ट पाइप पत्रा वाकवून आणि वेल्डिंग करून होतो म्हणून तोही इथे नाही, आणि सस्पेन्शनच्या आतल्या शिम-व्हॉल्व्हचा (तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या पातळ चकत्यांचा) विषय इतका वेगळा आहे की त्याला स्वतंत्र नोंदच हवी.

'बिलेट' या शब्दाचा घोळ

या धंद्यात सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात ढिला शब्द म्हणजे बिलेट. धातुशास्त्रात बिलेट म्हणजे ओतून किंवा रोल करून काढलेला अर्धवट माल, जो पुढे फोर्जिंगला (दाबून-ठोकून घडवायला) नाहीतर एक्सट्रूजनला (साच्याच्या तोंडातून रेटून लांब बार काढायला) जातो. बाईकवाले ज्याला बिलेट पार्ट म्हणतात तो मात्र बहुतेक वेळा एक्सट्रूड केलेल्या बारमधून किंवा रोल केलेल्या जाड प्लेटमधून काढलेला असतो, म्हणजे काटेकोर बोलायचं तर मिलिंगच्या टेबलावर येईपर्यंत त्या धातूचं बिलेटपण कधीच संपलेलं असतं. शब्दाच्या मुळाबद्दल सर्वसाधारण मत असं की जुन्या फ्रेंचमधल्या 'बिय' म्हणजे झाडाच्या खोडावरून त्याचं लहान रूप बनलं, इंग्रजीत आधी जळणाच्या लाकडाच्या ओंडक्याला बिलेट म्हणायला लागले आणि नंतर धातूच्या ओंडक्याला. फ्रेंचच्याही मागे जाऊन बहुतेक कोशकार गॉलिश म्हणजे केल्टिक मूळ सुचवतात, पण 'बहुधा' लावूनच. सैनिकांच्या मुक्कामाला बिलेट म्हणतात तो शब्द वेगळाच, तो चिठ्ठीवरून आलाय, दोन्हींची गल्लत करू नये.

हा शब्दांचा कीस पाडायचं कारण असं की 'बिलेट आहे म्हणजे मजबूत आहे' हे वाक्य त्याच ढिलाईवर उभं आहे. एक गट म्हणतो भरीव तुकड्यातून काढलेला भाग ओतीव भागापेक्षा कधीही बरा, कारण कास्टिंगमध्ये हवेची भोकं राहतात, आणि हे मोघमपणे खरं आहे. दुसरा गट म्हणतो फोर्जिंग सगळ्यात चांगलं, कारण त्यात धातूच्या कणांची ओढ भागाच्या आकाराबरोबर वळते, तर मशीनिंगमध्ये ती ओढ कटर मध्येच कापून टाकतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त टिकणारं वाटतं, पण त्यालाही एक अट आहे, फोर्जिंगला डाय (साचा) लागते आणि डाय परवडायला हजारोंनी नग काढावे लागतात, दहा-वीस नगांसाठी हा पर्यायच नसतो. म्हणून खरा प्रश्न बिलेट की फोर्ज हा नसून कुठला मिश्रधातू, कुठली टेंपर (धातूला ताकद द्यायला केलेली उष्णतेची प्रक्रिया, टी६ सारख्या खुणेनं लिहितात), आणि बारची लांबी भागाच्या कुठल्या दिशेला ठेवली हा आहे. ७०७५ या मजबूत अ‍ॅल्युमिनियमच्या जाड प्लेटच्या जाडीच्या दिशेनं ताण आला तर धातू सगळ्यात कच्चा असतो, आणि टी६ टेंपरमध्ये ओल आणि सततचा ताण एकत्र आले की त्याच दिशेत भेगा पडण्याची भीती जास्त. टी७३ टेंपर घेतली तर हा त्रास बराच कमी होतो, त्याबदल्यात ताकद दहाएक टक्क्यांनी किंवा थोडी जास्त उतरते.

सुरुवात

डर्ट बाईकच्या शर्यतीचा उगम साधारणपणे २९ मार्च १९२४ ला इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीजवळ झालेल्या 'स्क्रॅम्बल' या मातीतल्या शर्यतीपाशी नेतात. मोटोक्रॉस हे नाव नंतरचं, फ्रेंच 'मोटोसिक्लेट' आणि 'क्रॉस' जोडून झालेलं. पण शर्यत सुरू झाली म्हणजे तिच्यासाठी वेगळे पार्ट विकायला लागले असं नाही. त्या काळात रस्त्याचीच गाडी सोलून, नको ते काढून मातीत नेत, आणि तुटलेलं जो तो आपल्या लेथवर बनवून घेई. त्या घरगुती कामाच्या नोंदी फारशा राहिल्या नाहीत.

विकाऊ पार्टचा धंदा कुठे सुरू झाला यावर दोन मतं आहेत. एक ब्रिटनकडे बोट दाखवतं. तिथे डेरेक आणि डॉन या रिकमन बंधूंनी १९५९ च्या सुमारास 'मेटिस' नावाची स्क्रॅम्बलर उभी केली, नावाचा अर्थच संकरित, एकाचं इंजिन आणि दुसऱ्याचा गिअरबॉक्स असा प्रकार, पुढे त्यांनी स्वतःची फ्रेम आणि हबही बनवले. तिथेच १९६९ मध्ये अँड्र्यू रेनशॉ आणि हेन्री रोझेंथल यांनी अ‍ॅल्युमिनियमचे हँडलबार काढायला घेतले, दोघांच्या आडनावांतून 'रेन्थल' झालं. दुसरं मत कॅलिफोर्नियाचं, सत्तरच्या दशकात जपानी टू-स्ट्रोक तिथे ढिगानं आल्या आणि त्यांच्यासाठी हेड, पाइप, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) बनवणाऱ्या वर्कशॉपांची रांग लागली. पार्ट म्हणून आधी ब्रिटन आणि बाजार म्हणून कॅलिफोर्निया, असं मानणं जास्त सोयीचं.

मशीनची गोष्ट समांतर चालते. लहान वर्कशॉपात उभं मिलिंग पोचलं त्यात अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या १९३८ च्या मशीनचा वाटा मोठा. आकड्यांवर चालणारं मिलिंग अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९५२ ला लोकांसमोर दाखवलं गेलं, त्यामागे जॉन पार्सन्सची हेलिकॉप्टरच्या पात्यांवरून सुचलेली कल्पना होती. मात्र मोटोक्रॉसच्या पार्टवाल्यांपर्यंत सीएनसी (संगणकानं चालणारं मशीन) रुळायला बहुधा ऐंशीचं दशक उजाडलं. १९८६ पासून अमेरिकेच्या एएमए या मोटरसायकल संघटनेच्या मोटोक्रॉसमध्ये प्रॉडक्शन नियम आला, म्हणजे कारखान्यांच्या हातबनावटीच्या वर्क्स गाड्या बंद होऊन दुकानात मिळते त्याच गाडीवर शर्यत खेळायची, आणि मग दुकानातल्या गाडीला काय लावता येतं याला महत्त्व आलं. आता तर सीमारेषाच पुसट झालीय, केटीएमच्या मोटोक्रॉस मॉडेलवर सीएनसीवर काढलेले ट्रिपल क्लॅम्प कारखान्यातूनच येतात.

धातू

निम्म्याहून जास्त काम दोन अ‍ॅल्युमिनियमांवर चालतं. ६०६१-टी६ ची यील्ड (ज्याच्या पुढे धातू कायमचा वाकतो तो ताण) साधारण २७५ मेगापास्कल, वेल्डिंग होतं, रंग छान चढतो, कव्हर-माउंट-गार्डला भरपूर झालं. ७०७५-टी६ ची यील्ड ५०० च्या आसपास, वजन जवळपास तेवढंच, पण नेहमीच्या पद्धतीनं वेल्डिंग जमत नाही. हा जस्ताचा मिश्रधातू जपानमध्ये १९३५-३६ च्या सुमारास विमानांसाठी तयार झाला आणि अमेरिकेत १९४३ मध्ये आला. टायटॅनियम, म्हणजे बहुतेक वेळा ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम ४ टक्के व्हॅनेडियमवालं, बोल्ट आणि फुटपेगला. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटतो आणि पेटलेल्यावर पाणी मारलं तर अजून भडकतो, त्यामुळे तो घरच्या मशीनवर न घेतलेलाच बरा.

टी६ च्या पुढे ५१ लिहिलेलं असतं (टी६५१) त्याकडे नवखे लोक बघत नाहीत. त्याचा अर्थ प्लेट ताणून आतले ताण मोकळे केलेत. तसं नसेल तर एका बाजूनं खोल खिसा काढला की क्लॅम्प सोडल्या सोडल्या जॉब (कापलेला तुकडा) केळ्यासारखा वाकतो, आणि मग माणूस मशीनला दोष देतो.

माप आणि फिट

कस्टम पार्ट नापास होतो तो धातू तुटून कमी आणि शेजारच्या भागाशी न जमून जास्त. जुना भाग समोर ठेवून माप घेणाऱ्यानं पहिली गोष्ट ही बघावी की तो किती झिजलाय, नाहीतर नवीन पार्ट अगदी हुबेहूब झिजलेलाच निघतो. माप शक्यतो न घासलेल्या जागेवरून घ्यायचं, बेअरिंग-सील-बोल्टची मापं तर जुन्या भागावरून घ्यायचीच नाहीत, ती ठरलेली मापं आहेत, तक्त्यातून घ्यायची.

चाकाच्या हबचं उदाहरण घेऊ. ६९०४ नंबरचं बेअरिंग बऱ्याच गाड्यांच्या चाकात असतं, आतून २०, बाहेरून ३७, रुंदी ९ मिमी. हबला एन७ फिट (घट्ट बसण्यासाठी ठरलेलं प्रमाणित माप) धरला तर बोअर (आतलं भोक) ३६.९६७ ते ३६.९९२ मिमी यायला हवा, म्हणजे बेअरिंगपेक्षा लहान. ते ठोकून बसवायचं नसतं. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३.६ मायक्रॉननं (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) फुलतं, तेव्हा हब खोलीच्या तापमानापेक्षा ८० अंशांनी गरम केला की ३७ चा बोअर सुमारे ७० मायक्रॉननं मोठा होतो आणि बेअरिंग हातानं आत पडतं. त्याहून फार तापवायची गरज नाही आणि तापवूही नये, ७०७५ ला ताकद येते तीच १२० अंशांच्या आसपासच्या भट्टीत मुरवून, त्याच्या वर गेलं की ती उतरायला लागते. आणि उलट बाजूही लक्षात ठेवावी, स्टीलचं फुलणं अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम निम्मं, त्यामुळे ब्रेकनं हब ५० अंशांनी तापला की बोअर बेअरिंगपेक्षा वीसेक मायक्रॉन जास्त फुलतो. खोलीत 'हाताला घट्ट' वाटलेलं बेअरिंग शर्यतीत हबमध्येच फिरायला लागतं ते यामुळे.

दोन बेअरिंगच्या मधल्या नळीची लांबी हीसुद्धा अशीच दुर्लक्षित गोष्ट. हबमधल्या दोन खांद्यांच्या अंतरापेक्षा ती किंचित जास्त असावी, कमी पडली तर अ‍ॅक्सलचा नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, चाक जड फिरतं आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत जातं. दोष बेअरिंगच्या कंपनीला जातो.

ट्रिपल क्लॅम्पला ऑफसेट (स्टिअरिंगचा आस आणि फोर्कच्या नळ्या यांतलं अंतर) महत्त्वाचा, बहुतेक मोटोक्रॉसवर २० ते २४ मिमीच्या दरम्यान. रेक (स्टिअरिंगच्या आसाचा उभ्या रेषेशी कल) २७ अंश धरला तर ऑफसेट २ मिमीनं कमी केल्यावर ट्रेल (स्टिअरिंगच्या आसाची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतं तिथपर्यंतचं अंतर) सुमारे २.२ मिमीनं वाढतो, गाडी सरळ रेषेत जास्त शांत होते. आकडा छोटा दिसतो पण चालवणाऱ्याला कळतो. फोर्क धरणारा बोअर मात्र गोलच हवा, अंडाकृती झाला किंवा बोल्ट जास्त आवळले तर फोर्कची नळी चिमटली जाते, आतली बुश घासते आणि सस्पेन्शन अडकल्यासारखं वागतं. बोल्टचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा, अंदाजानं नाही.

स्प्रॉकेटचं गणित सोपं आहे. बहुतेक मोठ्या डर्ट बाईकला ५२० ची चेन, पिच (लगतच्या दोन रोलरमधलं अंतर) १५.८७५ मिमी, रोलर १०.१६ मिमी. पिच वर्तुळाचा व्यास म्हणजे पिच भागिले साइन (१८० भागिले दात). ५० दातांना २५२.८ मिमी येतो, १३ दातांना ६६.३.

क्लच बास्केट हा बदलण्यासारखा सगळ्यात प्रामाणिक पार्ट म्हणता येईल, कारण ओतीव बास्केटच्या बोटांवर प्लेटा आपटून खाचा पडतात, प्लेट त्या खाचेत अडकते आणि क्लच सुटताना झटका देतो. ७०७५ चा हार्ड अ‍ॅनोडाइज केलेला (विजेच्या प्रक्रियेनं कठीण ऑक्साइडचा थर चढवलेला) बास्केट जास्त टिकतो. फक्त जुन्यावरचे रिव्हेट ड्रिल करून गिअर आणि रबरी डँपर नव्यावर चढवावे लागतात, ते काम घाईचं नाही.

टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये पिस्टन वर आल्यावर कडेला उरणारी फट, स्क्विश, साधारण १ ते १.५ मिमी ठेवतात. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून कडेपर्यंत घालून इंजिन हातानं फिरवायचं, चपटी झालेली तार मायक्रोमीटरनं मोजायची.

कापकाम

अ‍ॅल्युमिनियमला दोन किंवा तीन धारांचं कार्बाइड एंडमिल (मिलिंगचं दांड्यासारखं कटर). १२ मिमीच्या कटरला मिनिटाला ३०० मीटर धरले तर आरपीएम ८००० च्या जवळ जातो, बऱ्याच जुन्या हाती मिलिंगला तो मिळत नाही, मग फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी करून वेळ काढावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा अंश असलेलं कोटिंग अ‍ॅल्युमिनियमवर टाळतात, माल धारेला चिकटतो. आतल्या कोपऱ्यांना जमेल तेवढी मोठी गोलाई द्यावी, भेग बहुतेक वेळा टोकदार कोपऱ्यापासूनच सुरू होते. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे बोल्टच्या व्यासाच्या दुपटीइतके खोल, आणि सारखा उघडायचा बोल्ट असेल तर स्टीलच्या तारेचा इन्सर्ट.

अ‍ॅनोडायझिंग

रंग हा शेवटचा टप्पा समजला जातो पण तो मापाचाच भाग आहे. साधं सल्फ्युरिक अ‍ॅनोडायझिंग ५ ते २५ मायक्रॉनचं, हार्ड प्रकार बऱ्याचदा ५० मायक्रॉनच्या आसपासचा. ढोबळमानानं निम्मा थर धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे ५० मायक्रॉनचा थर चढला की ३७ मिमीचा बोअर व्यासात ५० मायक्रॉननं आवळतो आणि वर सांगितलेला एन७ फिट गेला. म्हणून बेअरिंगची जागा झाकून अ‍ॅनोडाइज करतात किंवा मागाहून बोअर करतात. जाड थरामुळे वारंवार ताण सोसायची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे सगळ्याच भागांना हार्ड करण्यात अर्थ नाही. टायटॅनियम किंवा स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावावं, चिखलाच्या पाण्यात दोन धातू एकमेकांना खातात.

स्पर्धेचे नियम

एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या तांत्रिक नियमांत लिव्हरच्या टोकाला किमान १६ मिमीचा गोळा लागतो, चपटा केला तर जाडी किमान १४ मिमी. फुटपेगच्या टोकाची गोलाई किमान ८ मिमी त्रिज्येची, आणि दुमडणारा असेल तर तो आपोआप जागेवर यायला हवा. फ्रेम, पुढचा फोर्क, हँडलबार, स्विंगआर्मचा अ‍ॅक्सल आणि चाकाचा अ‍ॅक्सल यांत टायटॅनियमला मनाई आहे, चाकाच्या अ‍ॅक्सलला तर हलका मिश्रधातूसुद्धा चालत नाही.