नसलेल्या दाढेचा कठीणपणा

दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जेमतेम २ ते २.५ मिलिमीटर. त्याखालचं डेंटिन मऊ, त्यात कीड शिरली असेल तर आणखी मऊ, आणि त्याच्याही आत पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या. मिनिटाला ३ लाखांहून अधिक फेरे घेणारा एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, या थरांतून उतरतो, तेव्हा दंतवैद्याला डोळ्यांइतकंच बोटंही सांगत असतात. एनॅमल संपलं की हाताला होणारा विरोध एकदम ढिला पडतो. ते ओळखून हात तिथेच आवरायचा. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी त्यातून हे शिकता येत नाही.

सरावासाठी धातूच्या दांड्यावर जबडा बसवून केलेलं ‘फँटम हेड’ १८९४ पासून चालत आलं आहे. त्यातले प्लास्टिकचे दात मात्र बहुधा आतबाहेर सारखेच लागतात. कीड कुठे संपली हे त्यात बोटांना कळणार कसं?

हॅप्टिक सिम्युलेटर, म्हणजे हाताला स्पर्शाचा भास देणारं सरावाचं यंत्र, नेमकं इथे कामाला येतं. विद्यार्थ्याच्या हातातला हँडपीस एका यांत्रिक भुजेला जोडलेला असतो. पडद्यावरची दाढ सूक्ष्म घनांची बनलेली असते आणि प्रत्येक घनाला त्याचा कठीणपणा ठरवून दिलेला असतो. बर, म्हणजे हँडपीसचं कोरणारं टोक, कुठल्या घनाला टेकला याचा हिशेब संगणक सेकंदाला साधारण १,००० वेळा करतो, आणि भुजेतल्या मोटारी तितक्या जोराने हात मागे रेटतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदललं तरी डोळ्यांचं भागतं. स्पर्शाचं भागत नाही. हिशेबाचा वेग घसरला, तर कठीण पृष्ठभाग थरथरतो किंवा स्पंजासारखा लागतो. मोटारींच्या ताकदीलाही मर्यादा असल्यामुळे खऱ्या एनॅमलचा पुरता टणकपणा या यंत्रांना साधत नाही. पण मला विचाराल तर महत्त्वाचा आहे तो दोन थरांमधला फरक, आणि तो हाताला नीट कळतो.

वरच्या दाढांचं काम आरशात बघून करावं लागतं. पुढचं मागे दिसतं, आणि नवशिक्याचा हात हमखास उलटीकडे जातो. सिम्युलेटरमध्ये ही चूक वाटेल तितक्या वेळा करता येते, कारण एक बटण दाबलं की दाढ पुन्हा अखंड!

कॅप बसवण्यासाठी दात घासायचा, तेव्हा दुसरं साधन लागतं: तोंडात फिरवायचा स्कॅनर. दाताच्या भिंती वरच्या बाजूला किंचित निमुळत्या हव्यात. पाठ्यपुस्तकांत दोन्ही बाजू मिळून साधारण ६ अंश सांगतात. नुसत्या डोळ्यांना ६ आणि १२ अंशांतला फरक पटकन कळत नाही. स्कॅन आदर्श आकाराशी ताडून सॉफ्टवेअर तो रंगांत दाखवतं: इथे जास्त घासलं, इथे कमी, इथे भिंत आत वळली म्हणून कॅप बसणारच नाही. एकाच कामाला दोन परीक्षक वेगळे गुण देतात ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. त्यावर हा चांगला उतारा आहे.

फक्त गुणांचा आकडा आधी दाखवू नये. नाहीतर मुलं दात सोडून आकडाच घासत बसतात. विद्यार्थ्याने आपलं काम आधी स्वतः तपासावं, कुठे चुकलं ते सांगावं, मग पडदा उघडावा. खऱ्या रुग्णासमोर बसल्यावर रंगीत नकाशा नसतो. असते ती लाळ, मध्ये येणारी जीभ आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला माणूस. त्याच्याशी कसं बोलायचं, हे अजून तरी अनुभवी शिक्षकाशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.