तपकिरी डाग आणि पांढरा डाग: गाडीच्या चकचकीत पट्ट्यांची दोन वेगळी दुखणी

गाडीच्या बंपरवर किंवा खिडकीभोवतीच्या पट्टीवर डाग दिसू लागले की ‘क्रोम गंजला’ असे सरसकट म्हटले जाते आणि एकच पॉलिश सगळीकडे घासले जाते. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या वाऱ्याच्या ठिकाणी हे डाग लवकर पडतात. मात्र तपकिरी डाग आणि पांढरा डाग ही बहुधा दोन वेगळ्या धातूंची लक्षणे असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चांगलाच बाधू शकतो.

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा किंवा ॲम्बॅसेडरचा बंपर घ्या. तो पोलादी असतो आणि त्यावर निकेल व क्रोमचा मुलामा असतो. क्रोमचा थर सहसा अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ आणि सूक्ष्म भेगांचा असल्यामुळे पाणी अडवण्याचे खरे काम त्याखालचे निकेल करते. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. त्यामुळे त्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडून खारे पाणी आत शिरले की सगळी झीज तेवढ्याच उघड्या पडलेल्या पोलादाची होते. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. इथे नेमके उलटे घडते. म्हणूनच हा डाग बारीक तपकिरी ठिपक्यांचा असतो आणि तांबेरा मुलाम्याच्या खालून वर आलेला असतो.

ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर मुलामा नसतोच. अनेक युरोपीय गाड्यांच्या खिडकीभोवतीच्या पट्ट्या आणि टपावरचे रूफ रेल अशा धातूचे असतात. ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचे विजेच्या साहाय्याने कठीण, पारदर्शक ऑक्साइड केलेले असते. हा थर खाऱ्या हवेत बराच टिकतो, परंतु कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा गाडी धुण्यासाठी वापरलेले तीव्र अल्कलीयुक्त द्रावण त्याला विरघळवते. ओल्या सिमेंटचे शिंतोडेही तेच करतात. परिणामी दुधाळ, पसरट, बऱ्याचदा ओघळाच्या आकाराचे डाग पडतात, आणि ते थरावर साचलेले नसून थरातच उमटलेले असतात.

ओळख पटवायला लोहचुंबक उपयोगी पडते, कारण ते मुलाम्याच्या पोलादाला चिकटते आणि ॲल्युमिनियमला चिकटत नाही. मात्र स्टेनलेस स्टीलच्या काही पट्ट्यांनाही चुंबक चिकटते, त्यामुळे चुंबकासोबत डागाचा रंगही पाहावा.

क्रोमवरचे ठिपके बारीक असतील तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा; फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडण्याची भीती कमी असते. तांबेरा निघाल्यावर पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून मेण लावावे. छिद्र तसेच राहते, म्हणून पावसाळ्यात मेण पुन्हा पुन्हा लावणे भाग आहे. मुलामा सोलून निघत असेल तर तो उतरवून नव्याने प्लेटिंग करण्यावाचून इलाज नाही. संडास साफ करायचे ॲसिड मात्र कधीही लावू नये, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमच विरघळवते.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत लोक अधिक फसतात. जोरात पॉलिश केले की ऑक्साइडचा थरच निघून जातो, खालचा उघडा धातू आरशासारखा चमकतो आणि काम फत्ते झाले असे वाटते. संरक्षण गेलेले असल्यामुळे तीच पट्टी पुढे पूर्वीपेक्षा लवकर मंद पडते. सौम्य शाम्पूने न जाणारा दुधाळ डाग कायमचा घालवायचा तर थर रासायनिक रीतीने उतरवून, बफिंग करून (फिरत्या कापडी चाकावर घासून चमकावून) पट्टी पुन्हा ॲनोडाइज करावी लागते. तो खर्च परवडत नसेल तर पट्टीवर काळे व्हिनाइल (चिकटवायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म) चढवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. लोखंडी तारेचा काथ्या इथे वर्ज्यच, कारण त्याचे कण पट्टीत रुतून बसतात आणि मग ॲल्युमिनियमवरही तपकिरी डाग उमटतात.

मोनोग्रामचे, म्हणजे गाडीवरच्या नावाच्या किंवा चिन्हाच्या बिल्ल्याचे, मात्र वेगळे असते. हल्लीचे बहुतेक मोनोग्राम प्लॅस्टिकचे असल्यामुळे ते गंजत नाहीत, केवळ त्यांचा मुलामा सुटतो. जुने मोनोग्राम बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. त्यांच्यावर बारीक फोड येतात आणि फोडाखाली पांढरी भुकटी सापडते. फोड घासून काढला तर तिथे खड्डा उरतो. शिवाय प्लेटिंगच्या आम्लात जस्त झपाट्याने खाल्ले जाते, त्यामुळे खड्डे पडलेला मोनोग्राम दुरुस्त करण्यापेक्षा जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तसाच चांगला मोनोग्राम शोधणे बहुधा स्वस्त पडते.