डोक्यात 7च गोष्टी मावतात?

'माणसाला एका वेळी 7च गोष्टी लक्षात राहतात' हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. 7 हा 1956 सालच्या एका निबंधातला ढोबळ आकडा. नुकतंच वाचलेलं आपण मनात घोकून टिकवतो. साधारण 2 सेकंदांत उच्चारून होईल तेवढंच टिकतं.

घरीच पाहा. चिठ्ठ्यांवर एकेक शब्द दाखवा: चूल, माठ, वीट, दोर, पान, मीठ. त्याच क्रमाने म्हणायला सांगा. मग वर्तमानपत्र, स्वयंपाकघर, उपाहारगृह, लोकप्रतिनिधी, महानगरपालिका, विद्यार्थिनी. शब्द सहाच, पण इथे बहुतेक जण अडखळतात. आता वाचताना सतत 'बा-बा-बा' पुटपुटायला लावा. घोकणं थांबतं आणि छोट्या शब्दांचा फायदाही बराचसा आटतो.